ऑटो ब्रेक नजरेची चूक सावरतो, वेगाची नाही

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या दिवाळीत माझ्या थोरल्या मुलीने नवी मोटार घेतली. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी शोरूममधील तरुण विक्रेत्याने नारळ फोडून, चावी हातात देऊन, माझ्याकडे वळून अत्यंत आत्मविश्वासाने सांगितले, ‘काका, हिच्यात ॲडास आहे, समोर काही आलं तर गाडी स्वतःच थांबते, तुम्ही निर्धास्त बसा.’ (ॲडास म्हणजे चालकाला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांचा संच; ऑटो ब्रेक हा त्याचाच एक भाग.) मी एसटीच्या कार्यशाळेत बत्तीस वर्षे ब्रेकच्या कामावर काढली असल्यामुळे ‘स्वतःच’ आणि ‘निर्धास्त’ हे दोन शब्द ब्रेकच्या संदर्भात एकत्र ऐकले की मला अस्वस्थ वाटते. त्या मुलाचा दोष नव्हता, त्याला जे शिकवले तेच तो बोलत होता. परंतु ही यंत्रणा नेमकी केव्हा उपयोगी पडते हे गाडी विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. त्यामुळे एक चांगली सोय काही जणांच्या हातात धोक्याची ठरू लागली आहे आणि काही जण तिला निरुपयोगी समजून बंद करून टाकत आहेत. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत असे माझे मत झाल्याने हे पत्र लिहीत आहे. ते वाचकपत्राला शोभण्यापेक्षा लांब झाले आहे, याची मला जाणीव आहे.

स्वयंचलित आपत्कालीन ब्रेक, म्हणजे बोलीत ज्याला आपण ऑटो ब्रेक म्हणतो, ती जादू नाही. समोरच्या काचेच्या वरच्या बाजूला, आरशामागे एक कॅमेरा असतो आणि बहुतेक गाड्यांत पुढच्या जाळीत किंवा बंपरमध्ये रडार असते. रडार पुढच्या वस्तूचे अंतर आणि ती किती वेगाने जवळ येते आहे हे अचूक मोजते. ती वस्तू मोटार आहे, माणूस आहे की कमान आहे, हे मुख्यतः कॅमेऱ्याला ओळखावे लागते. या दोन्हींवरून गाडीतील संगणक सतत एकच भागाकार करत असतो: उरलेले अंतर भागिले जवळ येण्याचा वेग, म्हणजे टक्कर व्हायला उरलेले सेकंद. गाडी ताशी ५० किलोमीटरने जात असेल आणि चाळीस मीटरवर एखादे वाहन थांबलेले असेल, तर हा आकडा तीन सेकंदांपेक्षा थोडा कमी येतो. आकडा घसरत गेला की आधी आवाज आणि दिवा, मग ब्रेकमधील तेलाचा दाब थोडा आधीच वाढवून ठेवणे, मग हलका ब्रेक आणि शेवटी पूर्ण ताकदीचा ब्रेक, असा साधारण क्रम असतो. यातला शेवटचा टप्पा मुद्दाम अगदी शेवटी ठेवलेला असतो, कारण चालक स्वतः वळवून किंवा ब्रेक मारून सुटणार असेल, तर यंत्राने मध्ये पडू नये अशी अपेक्षा असते. म्हणूनच पूर्ण ब्रेक लागतो तेव्हा हाताशी वेळ फारच थोडा उरलेला असतो, बहुधा एक ते दोन सेकंदांचा. माझे पुढचे सगळे म्हणणे या एक-दोन सेकंदांभोवतीच फिरते.

कार्यशाळेत आम्ही नवीन मुलांना जो हिशेब घालत असू, तोच येथे घालतो. कोरडा, चांगला डांबरी रस्ता, बरे टायर आणि सुस्थितीतील ब्रेक असतील, तर जोरात ब्रेक मारल्यावर मोटारीचा वेग दर सेकंदाला ताशी सुमारे २५ किलोमीटरने कमी होतो. समजा यंत्राने टक्कर होण्याआधी दीड सेकंद पूर्ण ब्रेक लावला, तर वेग ताशी सुमारे ३८ किलोमीटरने उतरेल. गंमत अशी की, हे ३८ किलोमीटर गाडीच्या मूळ वेगावर अवलंबून नसतात. गाडी चाळिशीत असेल, तर ती जवळजवळ जागच्या जागी थांबेल. पन्नाशीत असेल, तर ताशी बारा किलोमीटरने, म्हणजे बंपरला पोचा पडण्यापुरती लागेल. ऐंशीला असेल, तर बेचाळीसने आदळेल. तो अपघातच होईल, परंतु पट्टा लावलेला माणूस त्यातून बहुधा चालत बाहेर येईल. आणि समृद्धी महामार्गावर मोटारींना परवानगी असलेल्या १२० च्या वेगाने ती जात असेल, तर ब्याऐंशीने आदळेल. यंत्राने चारही वेळा आपले काम तितक्याच इमानाने केले, फरक फक्त चालकाने आधी निवडलेल्या वेगाचा आहे. प्रत्यक्षात ओला रस्ता, गाडीतले वजन आणि टायरची झीज यांमुळे आकडे बदलतील, हे उघड आहे. तरीही हिशेबाची दिशा बदलत नाही.

हा माझ्यासारख्या निवृत्त माणसाचा कागदावरचा हिशेब आहे असे कुणी म्हणू नये, म्हणून दोन दाखले देतो. मोटारींच्या ऑटो ब्रेकसाठी संयुक्त राष्ट्रांच्या व्यवस्थेखाली २०२० पासून अमलात आलेला १५२ क्रमांकाचा नियम आहे. पुढे थांबलेल्या मोटारीवर चाल करून जाणाऱ्या गाडीने ताशी ४० किलोमीटरच्या वेगापर्यंत टक्कर पूर्णपणे टाळली पाहिजे, अशी त्यात अट आहे. पण वेग साठ असेल, तर ३५ ने आदळली तरी त्या नियमानुसार गाडी उत्तीर्ण होते. म्हणजे ‘समोर काही आलं तर गाडी थांबते’ असे नियम लिहिणाऱ्यांनीसुद्धा कधी म्हटलेले नाही. दुसरा दाखला अमेरिकेतील मोटारचालकांच्या ‘ट्रिपल ए’ या मोठ्या संघटनेने २०२२ मध्ये घेतलेल्या चाचणीचा. चार गाड्या थांबलेल्या वाहनाच्या दिशेने सोडण्यात आल्या. ताशी सुमारे ४८ किलोमीटरला वीसपैकी सतरा वेळा टक्कर टळली. वेग चौसष्टच्या आसपास नेल्यावर वीसपैकी फक्त सहा वेळा. त्याच चाचणीत चौकात आडव्या येणाऱ्या वाहनासमोर यंत्रणेला एकदाही टक्कर टाळता आली नाही. आपल्याकडे सिग्नल तोडून आडव्या घुसणाऱ्या वाहनांचे प्रमाण पाहता हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता ही यंत्रणा खरोखर कोठे कामाला येते ते सांगतो, कारण माझा हेतू तिला नावे ठेवण्याचा नाही. नव्या गाडीला तीन आठवडे झाले होते आणि आम्ही सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळच्या गर्दीत घरी येत होतो. वाहतूक रांगत होती, मध्येच तीस-पस्तीसचा वेग मिळत होता. मागच्या आसनावर नातवाने पाण्याची बाटली सांडली आणि मुलीने जेमतेम एक क्षण मान वळवली. तेवढ्यात पुढच्या रिक्षाने प्रवासी घेण्यासाठी कचकन ब्रेक मारला. मी ओरडण्याच्या आत गाडीत घंटी वाजली, पाठोपाठ पट्टा छातीला काचला आणि गाडी रिक्षाच्या मागे हातभर अंतरावर उभी राहिली. मुलीचा पाय तोपर्यंत ब्रेकवर पोहोचलाही नव्हता. ताशी पस्तीस किलोमीटरने जाणारी मोटार दीड सेकंदात साडेचौदा मीटर पुढे जाते, म्हणजे आमच्यापुढे रिक्षा नव्हे तर रस्ता ओलांडणारी एखादी व्यक्ती असती तर काय झाले असते, हे मी त्या रात्री बराच वेळ मनात मोजत होतो. त्या दिवसापासून या यंत्राविषयी माझा सूर बदलला, हे मोकळेपणाने मान्य करतो.

तो प्रसंग नीट पाहिला, तर या यंत्राचे खरे कार्यक्षेत्र त्यात दिसते. वेग बेताचा होता, रस्ता सरळ होता, पुढचे वाहन आमच्याच दिशेने जात होते, उजेड पुरेसा होता, आमचे ब्रेक व टायर चांगले होते आणि चालकाने अंतर बऱ्यापैकी राखलेले होते. चुकली होती ती फक्त एका क्षणाची नजर. अशा ठिकाणी यंत्र माणसापेक्षा निःसंशय सरस आहे, कारण त्याला प्रतिक्रियेसाठी लागणारा सेकंद-दीड सेकंद लागत नाही आणि त्याचे मूल मागच्या आसनावर पाणी सांडत नाही. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशावर चालणारी महामार्ग सुरक्षा संस्था अनेक वर्षांच्या पोलीस नोंदी तपासून सांगते की, इशारा आणि ऑटो ब्रेक दोन्ही असलेल्या गाड्यांकडून पुढच्या वाहनाला मागून धडक बसण्याचे प्रमाण निम्म्याने घटते, तर नुसता इशारा देणाऱ्या गाड्यांत ही घट सुमारे २७ टक्के असते. आपल्या केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात ४ लाख ६१ हजार ३१२ अपघात आणि १ लाख ६८ हजार ४९१ मृत्यू नोंदले आहेत आणि त्या अपघातांपैकी साधारण पाचवा हिस्सा मागून धडकण्याचा आहे. त्यातले निम्मे जरी टळले, तरी ती संख्या छोटी नाही. परंतु तेथील निम्मे येथे निम्मेच राहतील असे धरून चालता येणार नाही आणि त्याची कारणे आपल्या रस्त्यांवरच पडलेली आहेत.

पहिले कारण रस्त्यावर उभा असलेला ट्रक. महामार्गाच्या कडेला किंवा थेट डाव्या मार्गिकेत, मागचा दिवा नसलेला, परावर्तक पट्टी चिखलाने झाकलेली आणि पंक्चर झाल्याची खूण म्हणून मागे चार दगड मांडलेले, असे दृश्य आपण सगळेच पाहतो. ऑटो ब्रेकसाठी हे सर्वांत अवघड गणित आहे. याचे कारण समजायला जरा आडवळणाचे आहे. रडारच्या दृष्टीने रस्त्यावरील असंख्य गोष्टी स्थिर असतात: दुभाजक, दिशादर्शक फलक, पुलाची कमान, गटाराचे लोखंडी झाकण. प्रत्येक स्थिर वस्तूला घाबरून गाडीने ब्रेक मारला, तर ती दहा किलोमीटरही सरळ जाणार नाही. म्हणून भरधाव वेगात अनेक यंत्रणा रडारला दिसलेल्या स्थिर वस्तूला फारसे महत्त्व देत नाहीत आणि ‘हे खरेच वाहन आहे’ अशी कॅमेऱ्याची साक्ष मिळेपर्यंत थांबतात. चालते वाहन अचानक मंदावले, तर यंत्र ते झटकन ओळखते. आधीपासून उभे असलेले वाहन ओळखायला मात्र उशीर होतो. रात्री, डिपरच्या पन्नास-साठ मीटरच्या उजेडात, ताशी १२० ने धावताना तो उशीर परवडत नाही, कारण त्या वेगात माणसाची प्रतिक्रिया आणि ब्रेक मिळून गाडी थांबायला सव्वाशे मीटरहून अधिक रस्ता लागतो.

१५ ऑक्टोबर २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ यात्रेकरूंना घेऊन परतणारी मिनीबस थांबवलेल्या ट्रकवर मागून आदळली आणि १२ जणांचा जीव गेला. मी त्या अपघाताचा तपास करणारा नव्हे आणि त्या बसमध्ये ऑटो ब्रेक असता तर सगळे वाचले असते असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. परंतु अशा अपघातात वेग ताशी तीस-चाळीस किलोमीटरने जरी उतरला, तरी धडकेचा जोर निम्म्याच्या आसपास येतो, कारण जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १२० वरून ८२ वर आलेल्या गाडीत मूळ ऊर्जेपैकी जेमतेम ४७ टक्के उरते. म्हणून महामार्गावर हा ब्रेक निरुपयोगी आहे असेही नाही. तो तेथे वाचवत नाही, हलके करतो. आणि रस्त्यात ट्रक उभे करणाऱ्यांवर, दिवे नसलेल्या ट्रॉल्यांवर, उसाच्या हंगामात मागे काहीही न लावता धावणाऱ्या बैलगाड्या व जुगाडांवर कारवाई झाली नाही, तर कॅमेऱ्याने साक्ष द्यायची ती कशाच्या आधारे?

दुसरे कारण दुचाकीस्वार आणि पादचारी, म्हणजे आपल्या रस्त्यांवर सर्वाधिक मरणारे लोक. २०२२ च्या त्याच अहवालानुसार मृतांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरचे होते आणि जवळपास पाचातला एक पायी चालणारा होता. अमेरिकेतील त्याच विमा संस्थेच्या अभ्यासात, पुढे मोटार असताना मागून धडकण्यात ५३ टक्के घट दिसली, पुढे मोटारसायकल असताना ती ४१ टक्के आणि पुढे मध्यम किंवा अवजड ट्रक असताना ३८ टक्के भरली. पादचाऱ्यांच्या बाबतीत एकूण घट २७ टक्क्यांची होती. परंतु रस्त्यावर दिवे नसलेल्या अंधारात काहीच फरक आढळला नाही. आपल्या तालुक्याच्या गावातून जाणारा राज्य महामार्ग डोळ्यांसमोर आणा: रात्री साडेआठची वेळ, दिव्याचे खांब आहेत पण दिवे बंद, गडद कपड्यांतला मजूर सायकल हातात धरून रस्ता ओलांडतो आहे. नेमक्या त्याच क्षणासाठी हे यंत्र आपल्याला हवे आहे आणि नेमके तेथेच ते सर्वांत दुबळे आहे. ग्रामपंचायतीने चार दिवे दुरुस्त केले, तर लाखो रुपयांच्या मोटारीतला कॅमेराही शहाणा होतो. वाहन सुरक्षेच्या चर्चेत हे वाक्य कुणी बोलत नाही, कारण दिव्याचा खांब ‘टॉप मॉडेल’मध्ये मिळत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या जुन्या धंद्याची आहे. ऑटो ब्रेक हा नवा ब्रेक नव्हे, जुन्याच ब्रेकवर पडणारा नवा पाय आहे. ब्रेकचे लायनर, म्हणजे घासून चाक थांबवणारे पट्टे, झिजलेले असतील, डिस्कला तेल लागले असेल, टायर गुळगुळीत झाले असतील किंवा उतारावर ब्रेक तापून बसला असेल, तर संगणकाने आज्ञा दिली काय आणि चालकाने दिली काय, परिणाम तोच. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २० नोव्हेंबर २०२२ ला ताबा सुटलेल्या एका अवजड वाहनाने एकामागून एक सुमारे ४८ वाहनांना ठोकरले होते, ते वाचकांना आठवत असेल. कात्रज बोगद्यापासून उतरताना डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करणे किंवा सतत ब्रेकवर पाय ठेवून ड्रम तापवणे, या दोन्ही सवयी मला वर्षानुवर्षे परिचित आहेत. ज्या गाडीचा ब्रेकच उरलेला नाही, तिला ऑटो ब्रेक लावणे म्हणजे विहीर आटल्यावर पंप बसवणे. अशा उतारांवर यंत्रापेक्षा गिअर, ब्रेक निकामी झालेली गाडी वळवून थांबवण्यासाठी केलेला वाळूचा बाजूचा रस्ता आणि घाट उतरण्याआधी सक्तीची ब्रेक-तपासणी यांचाच उपयोग होईल.

या यंत्राच्या विरोधात जी तक्रार सर्वाधिक ऐकू येते, ती विनाकारण लागणाऱ्या ब्रेकची आहे आणि ती खोटी नाही. आमच्याच गाडीने जानेवारीत उड्डाणपुलाच्या वळणावर, बाजूच्या मार्गिकेतला टेम्पो पाहून, मोकळ्या रस्त्यात दचकून ब्रेक मारला. मागे अगदी चिकटून येणारा मोटारसायकलस्वार कसाबसा बाजूला वळला आणि पुढे जाताना त्याने आमच्या साऱ्या कुळाचा उद्धार केला. सेवा केंद्रात तक्रार केली, तेव्हा तेथील माणसाने काहीही न तपासता ‘मॅडम, ते ऑफ करून टाका, सगळेच करतात’ असा सल्ला दिला. हा सल्ला मला विक्रेत्याच्या आश्वासनापेक्षाही अधिक घातक वाटला. बहुतेक गाड्यांत इशारा लवकर द्यावा की उशिरा, हे ठरवण्याची सोय असते. कॅमेऱ्याचा कोन बिघडला असेल, तर तो यंत्रावर लावून पुन्हा जुळवता येतो. यांतले काही न करता पूर्ण यंत्रणा बंद करणे म्हणजे गजराचे घड्याळ दहा मिनिटे पुढे जाते म्हणून फेकून देण्यासारखे आहे. आमच्या बाबतीत दुसऱ्या केंद्रात जुळवणी करून घेतल्यावर तो प्रकार पुन्हा झालेला नाही.

मात्र त्या मोटारसायकलस्वाराची बाजू मी विसरू शकत नाही. आपल्याकडे दोन वाहनांत जागा सोडली की तिसरे वाहन तिच्यात शिरते, आणि म्हणून कुणी जागा सोडतच नाही. अशा रांगेत एकाच गाडीला ऑटो ब्रेक असेल, तर ती वेळेवर थांबेल. तिच्या मागची, जिच्या चालकाला माणसाचीच प्रतिक्रिया उपलब्ध आहे, ती थांबणार नाही. म्हणजे हे यंत्र जसजसे अधिक गाड्यांत येईल, तसतसे मागच्या चालकाने राखायचे अंतर कमी होत नाही, उलट वाढते. किमान दोन सेकंदांचे अंतर, म्हणजे पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेल्यावर मनात ‘एक हजार एक, एक हजार दोन’ म्हणेपर्यंत आपण तेथे पोहोचता कामा नये, हा जुना नियम पक्क्या परवान्याच्या परीक्षेत अद्याप कुणी विचारताना मी पाहिलेले नाही. आणखी एक बारकावा असा की, बहुतेक गाड्यांत चालकाने ॲक्सिलरेटर जोरात दाबला किंवा स्टिअरिंग झटक्यात फिरवले, तर यंत्रणा ‘चालक स्वतः काही करतो आहे’ असे समजून माघार घेते. घाबरून भलत्याच पेडलवर पाय पडणाऱ्या नवशिक्याला त्यामुळे ही यंत्रणा प्रत्येक वेळी वाचवीलच असे नाही.

एवढ्या मर्यादा मोजूनही मी या ब्रेकच्या बाजूने आहे आणि माझा सर्वांत मोठा आग्रह मोटारींपेक्षा बस आणि ट्रकसाठी आहे. ज्या चालकाला सलग दहा-बारा तास चाक धरावे लागते, ज्याची झोप ट्रान्सपोर्टच्या वेळापत्रकावर ठरते, त्याचीच नजर पहाटे तीन वाजता चुकते आणि त्याच्या हाती असलेले वजन मोटारीच्या वीसपट असते. युरोपने अवजड वाहनांच्या नव्या मॉडेलांना २०१३ पासून आणि सर्व नव्या अवजड वाहनांना २०१५ पासून हा ब्रेक सक्तीचा केला. मोटारींची सक्ती तेथे २०२२ मध्ये, म्हणजे बऱ्याच नंतर आली. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे मात्र बाजाराने उलटा क्रम धरला आणि हा ब्रेक प्रथम श्रीमंतांच्या मोटारींत आला. केंद्रीय मंत्रालयाने मार्च २०२५ मध्ये मसुदा काढून, चालक वगळता आठपेक्षा अधिक आसनांची प्रवासी वाहने, बस आणि मध्यम व अवजड ट्रक यांना ऑटो ब्रेक, चालकाला डुलकी लागल्याचा इशारा आणि मार्गिका सोडल्याचा इशारा सक्तीचा करण्याचा प्रस्ताव मांडला. अंतिम तारीख कोणतीही ठरो, ती एकदा ठरल्यावर वाहतूकदारांच्या आणि कंपन्यांच्या विनंतीवरून सरकत राहू नये, एवढीच अपेक्षा आहे. कारण आज विकला गेलेला ट्रक पुढची दहा-पंधरा वर्षे रस्त्यावर राहतो आणि जुन्या ट्रकला हे यंत्र नंतर बसवणे व्यवहारात जमण्यासारखे नाही.

तरीही अवजड वाहनांकडून मोटारीइतकी अपेक्षा ठेवू नये. एअर ब्रेकमध्ये हवा टाकीतून नळ्यांवाटे चाकापर्यंत पोहोचून लायनर ड्रमला टेकायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ जातो आणि ताशी ८० ने जाणारी बस तेवढ्यात सुमारे अकरा मीटर पुढे सरकते. त्यामुळेच अवजड वाहनांसाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमाच्या आधीच्या रूपात, ताशी ८० ने जाताना पुढे उभ्या वाहनासमोर वेग निदान वीस किलोमीटरने उतरला तरी पुरे मानले जाई. शिवाय आपल्या बसमध्ये माणसे उभी असतात. मी स्वतः चालकाने मारलेल्या एका जोराच्या ब्रेकने वाहकाचा खांदा निखळलेला पाहिला आहे. एसटी आणि शहर बससेवांनी हा ब्रेक घेताना उभ्या प्रवाशांचा विचार करून त्याचे टप्पे ठरवून घ्यावेत, चालकांना आगारातच मोकळ्या मैदानावर तो लागल्यावर कसे वाटते याचा एकदा प्रत्यक्ष अनुभव द्यावा आणि मगच गाडी मार्गावर सोडावी. पुण्यात ‘एआरएआय’सारखी वाहन चाचणी करणारी राष्ट्रीय संस्था असताना या प्रशिक्षणासाठी परदेशी सल्लागार बोलावण्याची गरज पडू नये.

मोटारींच्या बाबतीत माझी मागणी साधी आहे. हा ब्रेक आज बहुधा त्या मॉडेलच्या सर्वांत महागड्या प्रकारात, छतावरची काच, थंड हवेची आसने आणि रंगीत दिवे यांच्या जोडीने विकला जातो. ज्याला फक्त ब्रेक हवा आहे, त्याने दोन-तीन लाख रुपयांची चैन कशासाठी विकत घ्यावी? एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) यांच्या बाबतीतही सुरुवातीला हेच झाले होते; एबीएस २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना सक्तीचे झाले, त्यानंतर कोणत्याही विक्रेत्याने ते ‘फीचर’ म्हणून सांगितल्याचे मला आठवत नाही. ‘भारत एनकॅप’ ही आपली गाड्यांना तारे देणारी व्यवस्था २०२३ पासून सुरू झाली आहे. तिच्या तारांकनात ऑटो ब्रेकला आणि विशेषतः दुचाकी ओळखण्याच्या क्षमतेला ठळक स्थान मिळाले, तर कंपन्या तो स्वस्त प्रकारांत आपोआप उतरवतील. आणि गाडी देताना प्रत्येक ग्राहकाला मराठीत एक पान द्यावे: हा ब्रेक ताशी किती वेगापासून किती वेगापर्यंत काम करतो, माणूस, सायकल आणि दुचाकी यांपैकी काय ओळखतो, अंधारात आणि पावसात त्याचे काय होते, काच बदलल्यावर कॅमेरा पुन्हा जुळवायला किती खर्च येतो. सध्या हे सगळे चारशे पानी इंग्रजी पुस्तिकेत असते आणि ती पुस्तिका डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीतून बाहेरही येत नाही.

शेवटचा प्रश्न मी मुद्दाम लिहिला आहे. मे महिन्यात ट्रकच्या चाकातून उडालेल्या खड्याने आमच्या काचेला तडा गेला. बाहेरच्या दुकानात काच निम्म्या किमतीत बसत होती, पण तेथे कॅमेरा जुळवण्याचे यंत्र नव्हते आणि दुकानदाराने ‘चालतंय तसंच, काही होत नाही’ असे सांगितले. मुलीने जास्त पैसे भरून काच व जुळवणी दोन्ही अधिकृत ठिकाणी करून घेतली. आता खंबाटकी घाटाकडे निघण्याआधी ती टायरमधली हवा पाहते आणि आरशामागचा काचेचा तो वीतभर चौकोन ओल्या फडक्याने पुसते. आणि घाटातला वेग मात्र, मी शेजारी बसलेलो असलो-नसलो तरी, पन्नाशीच्या वर जाऊ देत नाही.

आपला नम्र,
एक निवृत्त एसटी कर्मचारी,
पुणे